जुन्या गाडीच्या शॉकपमध्ये कोणतं तेल टाकायचं? खान्देशातल्या मित्रांचे नेहमीचे प्रश्न

माझ्याकडे १९९३ ची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल आहे आणि वडिलांची येझदी आहे, दोन्ही रोज नाही पण दर आठवड्याला चालतात. अमळनेर, चोपडा, पारोळा, कधी शिरपूरपर्यंत. गेल्या काही वर्षात जुन्या गाड्यांवाले मित्र वाढले आणि इंजिन, कार्ब्युरेटर, पॉइंट यावर सगळे तासन् तास बोलतात पण पुढच्या शॉकपचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचा, विषय निघाला की एकच वाक्य ऐकू येतं, "जाड तेल टाक ना भो, बठ्ठं ठीक हुई जाई." नाही होत ठीक. म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय.

शॉकपमधलं तेल नेमकं काम काय करतं? स्प्रिंग आहे ना आत?

स्प्रिंग वजन उचलते, तेल वेग आवरतं. हा फरक एकदा डोक्यात बसला की निम्मे प्रश्न सुटतात. नुसती स्प्रिंग असती तर खड्ड्यातून बाहेर आल्यावर गाडीचं तोंड तीन-चार वेळा वर-खाली नाचलं असतं, लोखंडी खाटेवर पोरं उड्या मारतात तसं. आपल्या जुन्या गाड्यांत साधा डँपर रॉडवाला शॉकप असतो, म्हणजे नळीच्या आत एक पोकळ दांडा आणि त्याला बारीक छिद्रं. चाक वर आलं की तेल त्या छिद्रांतून दाबून जातं, परत जाताना पुन्हा दुसऱ्या छिद्रांतून येतं. तेल जाड असलं तर हळू जातं, पातळ असलं तर पटकन जातं, बस एवढंच.

यात एक गोम आहे. छिद्रातून तेल ढकलायला लागणारा जोर वेगाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, वेग दुप्पट झाला तर जोर साधारण चौपट होतो. म्हणजे हळूहळू ब्रेक मारताना जे तेल पातळ वाटतं तेच तेल रावेर-सावद्याकडच्या केळीच्या ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोरीत धाडकन गेल्यावर दगडासारखं होतं. जुन्या शॉकपचा हा स्वभावच आहे आणि तेल निवडताना दोन्ही बाजू बघाव्या लागतात.

शिवाय तेल बुश (नळी ज्यात सरकते ते धातूचं कडं) आणि नळीला वंगण देतं, आणि तेलाच्या वर जी हवा उरते ती दुसऱ्या स्प्रिंगसारखं काम करते. त्यावर खाली सविस्तर लिहिलंय.

मी १०डब्ल्यू टाकत होतो, या वेळी दुसऱ्या कंपनीचं १०डब्ल्यू टाकलं तर गाडी एकदम वेगळी लागते. डुप्लिकेट असेल का?

असेलच असं नाही. शॉकपच्या तेलाच्या बाटलीवर जाडी सांगायला ५डब्ल्यू, १०डब्ल्यू, १५डब्ल्यू लिहितात त्याला सगळ्या कंपन्यांनी पाळायचं असं एक माप नाही. एका कंपनीचं १०डब्ल्यू दुसऱ्याच्या १५डब्ल्यूच्या जवळ जाऊ शकतं. म्हणून बाटलीवरचा मोठा आकडा बघून निवडू नका, त्या तेलाचा डेटा कागद मोबाईलवर काढा आणि त्यात ४० डिग्रीला किती सेंटीस्टोक लिहिलंय ते बघा. तेल किती घट्ट आहे याचं खरं माप ते आहे.

ढोबळ अंदाज असा ठेवा की ५डब्ल्यू म्हणजे १५ ते २२ च्या घरात, १०डब्ल्यू म्हणजे ३२ च्या आसपास, १५डब्ल्यू ४६ च्या आसपास आणि २०डब्ल्यू ६८ किंवा थोडं वर. हे ३२, ४६, ६८ आकडे तुम्ही हायड्रॉलिक तेलाच्या डब्यावर पाहिले असतील, तिथे आयएसओ व्हीजी ४६ म्हणजे ४० डिग्रीला ४६ सेंटीस्टोक, दहा टक्के इकडे-तिकडे. तिथे माप पक्कं आहे, शॉकपच्या तेलात तसं नाही, हा सगळा घोळ त्यातून होतो.

मग माझ्या गाडीला कोणतं टाकू? सरळ सांगा.

आधी कंपनीचं मॅन्युअल. जुनं मॅन्युअल फोटो काढलेलं का होईना मिळतं, ते मिळवाच. त्यात जो ग्रेड दिलाय तिथून सुरुवात करायची. पण लक्षात ठेवा, त्या काळच्या बऱ्याच मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइल लिहिलेलं असतं आणि लोक ते वाचून १०डब्ल्यूचं शॉकप तेल आणतात. दोन्ही एक नाहीत. १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइल ४० डिग्रीला ६५ ते ७५ सेंटीस्टोकच्या घरात असतं म्हणजे शॉकपच्या भाषेत ते २०डब्ल्यूच्या जवळ जातं. मॅन्युअलने जाड सांगितलं आणि तुम्ही निम्म्याने पातळ टाकलं असं होतं.

माझा स्वतःचा हिशोब सांगतो. आरएक्स १००, सुझुकी मॅक्स, केबी १००, सीडी १०० या शंभर किलोच्या आसपासच्या हलक्या गाड्या, एकट्याने चालवायच्या असतील तर ३२ ते ३६ सेंटीस्टोकवालं तेल पुरतं. माझ्या आरएक्समध्ये तेच आहे. येझदी-जावा जरा जड, तिला ४६ च्या आसपास छान बसतं. जुनी बुलेट दीडशे किलोच्या बरीच वर आहे आणि तिच्यावर बहुतेक वेळा दोघं बसतात, तिला ४६ ते ६८ मधलं. राजदूत ३५० वाले भाऊ जरा जोरात चालवतात, त्यांनी ३२-३६ पासून सुरू करून एक पायरी वर जाऊन बघावं. एका वेळी एकच पायरी.

ब्रेक मारला की पुढून गाडी खाली बसते. जाड तेल टाकलं की थांबेल ना?

हाच तो प्रश्न. नाही थांबणार, फक्त हळू बसेल. ब्रेक दाबून धरला तर शेवटी गाडी तेवढीच खाली जाणार कारण तिथे वजन स्प्रिंगने उचलायचंय आणि तुमची स्प्रिंग तीस वर्षांची आहे.

मी हे स्वतः भोगलंय. काही वर्षांपूर्वी आरएक्स पुढून फार बसत होती म्हणून एका मिस्त्रीकडे नेली, त्याने इंजिनमध्ये टाकायचं २०डब्ल्यू-५० दोन्ही नळ्यांत ओतलं आणि म्हणाला आता बघा कशी टाइट चालते. गावात चालवली तर खरंच टाइट वाटली, मी खूश. दुसऱ्या आठवड्यात चाळीसगावहून कन्नड घाट चढून वर गेलो, आणि उतरताना खराब पॅच लागला, लागोपाठ पाच-सहा आडवे उंचवटे. पहिल्यावर शॉकप दबला, तेल इतकं जाड की वर यायला वेळच मिळेना, दुसऱ्याला आणखी दबला, तिसऱ्याला आणखी, चौथ्या-पाचव्याला शॉकप तळाला जाऊन नुसता लोखंडाचा दांडा झाला होता आणि पुढचं चाक वळणावर टिचकी मारल्यासारखं बाहेर सरकलं. पडलो नाही. खाली येऊन बाजूला गाडी लावली तर हाताचे पंजे थरथरत होते आणि उजव्या नळीच्या सीलमधून (तेल अडवणारं रबर) तेल बाहेर येऊन मडगार्डच्या पट्टीवर सांडलेलं होतं.

२०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल ४० डिग्रीला दीडशेच्या वर सेंटीस्टोक असतं. माझ्या गाडीला हवं होतं पस्तीस. चौपटीहून जास्त जाड. घरी येऊन स्प्रिंग बाहेर काढली, नवीन स्प्रिंगशेजारी उभी करून ठेवली तर डोळ्याने दिसेल इतकी आखूड झाली होती. नवीन स्प्रिंग आणि १०डब्ल्यू तेल टाकलं, गाडी बसायची थांबली.

तेव्हापासून क्रम ठरलेला आहे, आधी स्प्रिंग, मग बुश आणि नळी, मग सील, आणि तेलाचा ग्रेड सगळ्यात शेवटी. झिजलेल्या भागाचं दुखणं जाड तेलाने झाकायला जाऊ नका, ते दुखणं खराब रस्त्यावर वर येतं आणि तेव्हा फार महागात पडतं.

स्प्रिंग बसली की नाही हे घरी कसं बघायचं?

नळीवर एक केबल टाय बांधा, सैल नको, बोटाने सरकेल इतका. कोणाला तरी पुढचं चाक जमिनीवरून उचलून धरायला सांगा, शॉकप पूर्ण लांब झाला की टाय सीलला टेकवा. मग गाडी खाली, तुम्ही हळूच बसा, दोन्ही पाय वर घ्या, मागून कोणी तरी सरळ धरेल, आणि हळूच उतरा. टाय किती वर सरकला ते मोजा. रस्त्यावरच्या गाडीला एकूण चालीच्या (शॉकप जेवढा वर-खाली होऊ शकतो ते अंतर) पाव ते तिसरा हिस्सा एवढंच बसायला हवं. निम्मी चाल तुमच्या वजनानेच गेली तर स्प्रिंग गेली. थोडक्यासाठी अडलं असेल तर स्प्रिंगच्या वर पीव्हीसी पाइपचा एक-दीड सेंटीमीटरचा तुकडा टाकता येतो, दोन्ही बाजूला सारख्या लांबीचा आणि कडा घासून सपाट केलेला.

आपल्याकडे उन्हाळा एवढा, मग मे महिन्यात जाड आणि हिवाळ्यात पातळ असं करायचं का?

विचार बरोबर आहे. तेलाचं माप ४० डिग्रीला घेतात आणि आपल्या भुसावळ-जळगावला मे मध्ये सावलीतलं तापमानच ४४-४५ ला जातं, डांबर तर त्याहून किती तरी गरम. म्हणजे प्रयोगशाळेतला आकडा आपल्याकडे उन्हाळ्यात खरोखर लागू पडतो. उलट डिसेंबर-जानेवारीत धुळ्याला पहाटे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा तेच साधं तेल चार-पाच पट घट्ट झालेलं असतं. म्हणून थंडीत सकाळी पहिले चार-पाच किलोमीटर शॉकप लाकडासारखा लागतो, नंतर सुटतो. घाबरायचं कारण नाही.

दोनदा तेल बदलण्यापेक्षा व्हिस्कॉसिटी इंडेक्स जास्त असलेलं तेल घ्या. हा आकडाही डेटा कागदावर असतो. शंभरच्या आसपास म्हणजे साधं, दीडशेच्या वर म्हणजे थंडी-उन्हात कमी बदलणारं. खान्देशात जिथे एका वर्षात आठ आणि पंचेचाळीस दोन्ही बघतो तिथे ग्रेडपेक्षा मी या आकड्याला जास्त किंमत देतो. शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

इंजिन ऑइल, एटीएफ, ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक, ब्रेक ऑइल, यातलं काय चालेल?

इंजिन ऑइल: जुन्या मॅन्युअलने सांगितलं असेल तर गाडी मरत नाही, पण त्यातले कचरा धरून ठेवणारे रसायन शॉकपला काही कामाचे नाहीत आणि सारखं वर-खाली घुसळलं की फेस लवकर धरतं. फेस म्हणजे हवा, हवा छिद्रातून सटकन जाते आणि शॉकप एकदम पोकळ लागतो.

एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल. जुन्या डेक्सरॉन ३ जातीचं ४० डिग्रीला साधारण ३४ सेंटीस्टोक भरतं, म्हणजे १०डब्ल्यूसारखं, फेस कमी धरतं, रबराला त्रास देत नाही. गावात शॉकपचं तेल मिळालंच नाही तर हलक्या गाडीत बिनधास्त टाका. लाल रंगाचा एक फायदा, सील गळायला लागलं की नळीवर लगेच दिसतं.

ट्रॅक्टरवाल्याकडचं हायड्रॉलिक: अडचणीत ४६ नंबरचं येझदीला चालून जातं. पण डबा नवीन, सील न फोडलेला हवा, शेतातल्या अर्ध्या उघड्या कॅनमधलं नको, त्यात धूळ आणि पाणी दोन्ही असतं.

ब्रेक ऑइल कधीच नाही. शॉकपचं सील ज्या रबराचं असतं ते ब्रेक ऑइलने फुगतं आणि सुटतं. एक चमचाभर पण नको.

५डब्ल्यू आणि १५डब्ल्यू मिक्स करून १०डब्ल्यू बनतं का?

एकाच कंपनीचं एकाच मालिकेतलं असेल तर मिसळा, पण बरोबर मध्यावर येत नाही, पातळ बाजूला झुकतं. २२ आणि ६८ सेंटीस्टोकची तेलं अर्धी-अर्धी मिसळली तर आपल्याला वाटतं ४५ होईल, प्रत्यक्षात पस्तीस ते अडतीसच्या मध्ये येतं. जाड थोडं जास्त घ्या. दोन्ही नळ्यांचं एकाच भांड्यात मिसळा, वेगवेगळं नको.

किती एमएल टाकायचं? मिस्त्री म्हणतो जेवढं निघालं तेवढंच टाकू.

जेवढं निघालं त्यावर भरवसा कसा ठेवणार, तीस वर्षात किती गळलं आणि आधीच्याने किती ओतलं कोणाला माहीत. मॅन्युअलमधला आकडा घ्या. पण तो आकडा शॉकप पूर्ण खोलून कोरडा केल्यावरचा आहे का नुसतं ड्रेन करून भरायचा आहे ते नीट वाचा, कारण ड्रेन स्क्रूने काढलं तर दहा-पंधरा एमएल आत चिकटून राहतंच आणि त्यावर पूर्ण माप ओतलं की जास्त होतं.

जास्त झालं की काय होतं? वरची हवा कमी उरते. शॉकप दबताना ती थोडीशी हवा प्रचंड दाबली जाते, चालीचा शेवटचा हिस्सा कडक होतो आणि सीलवर जोर येऊन सील उडतं. कमी झालं तर तळाला आदळतो आणि फेस होतो. म्हणून एमएल मोजून भरल्यावरसुद्धा उंची मोजा, म्हणजे नळीच्या काठापासून तेल किती खाली आहे ते. मॅन्युअलमध्ये उंची दिली असेल तर तीच धरा, नसेल तर निदान दोन्ही नळ्यांत एकसारखी हवी. दहा मिलिमीटरचा फरक हाताला कळतो.

घरी बदलायचं म्हटलं तर कसं?

गाडी मेन स्टँडवर, इंजिनखाली लाकडी ठोकळा, पुढचं चाक हवेत. आधी वरच्या पट्टीचा नळी धरणारा बोल्ट सैल करा, नाही तर वरचं झाकण फिरणार नाही आणि आटे खराब कराल. झाकणावर चिंधी ठेवून तळव्याने दाबून हळू उघडा, खाली स्प्रिंग दाबलेली आहे, तोंड त्यावर आणू नका. एका वेळी एकच बाजू उघडा, आणि दोन्हीकडच्या स्प्रिंग बाहेर काढून ठेवा.

खाली ड्रेन स्क्रू असेल तर काढा आणि खाली पांढरं प्लास्टिकचं भांडं ठेवा, पांढरंच, कारण रंग बघायचाय. माझ्या येझदीतून पहिल्यांदा काढलं तेव्हा आधी काहीच येईना, मग काळपट राखाडी घट्ट पाणी थेंब-थेंब, आणि वास असा की आईने मागच्या दाराची कडी लावून घेतली, सडक्या माशासारखा. भांडं उन्हात धरलं तर आत चंदेरी चुरा चमकत होता, तो बुश आणि बॉटमचा (नळी ज्यात शिरते तो खालचा भाग) झिजलेला धातू. असा चुरा भरपूर असेल तर नुसतं तेल बदलून भागणार नाही, शॉकप खोला. आणि तेल चहात दूध जास्त झाल्यासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, डस्ट सील (धूळ-पाणी अडवणारं वरचं रबर) फाटलं असणार.

पाच-सहा वेळा हँडल दाबून उरलेलं बाहेर काढा. बरेच लोक रॉकेलने धुतात, पण राहिलेलं रॉकेल नवीन तेलाला पातळ करतं, म्हणून मी ४०-५० एमएल नवीनच तेल टाकून, घुसळून, ते काढून टाकतो. मग स्क्रू नव्या वायसरसह लावा.

आता भरताना. स्प्रिंग बाहेरच ठेवा. गाडी हळूच ठोकळ्यावरून उतरवून शॉकप पूर्ण दाबा. मॅन्युअलच्या मापापेक्षा दहा एमएल जास्तच टाका. सावकाश आठ-दहा वेळा वर-खाली करा, बुडबुडे बंद होईपर्यंत, आणि मग पंधरा मिनिटं सोडून द्या, चहा घ्या. मेडिकलमधून ५० एमएलची सिरिंज आणि सलाइनची नळी आणा, नळीवर हव्या त्या उंचीला चिकटपट्टीची खूण करा, खूण नळीच्या काठाला टेकवून वरचं जास्तीचं तेल ओढून घ्या. दोन्ही बाजू मिलिमीटरपर्यंत सारख्या होतात. यापेक्षा सोपी आणि अचूक पद्धत मला सापडली नाही.

शेवटी एक गोष्ट, चाक काढलं असेल तर एक्सल पूर्ण कसण्याआधी गाडी जमिनीवर घ्या, पुढचा ब्रेक दाबून शॉकप पाच-सहा वेळा दाबा, मगच कसा. नाही तर दोन नळ्या एकमेकींना तिरक्या अडकून बसतात आणि आपण तेलाला दोष देत राहतो.

सील बदललं तरी महिन्याभरात परत गळतंय.

नळीवर नख फिरवा. सील ज्या भागात घासतं तिथे गंजाचा खड्डा नखाला लागला तर कितीही भारी सील टाका, तो खड्डा त्याचा ओठ, म्हणजे आतली कड, कापणार. नळी घासून हार्ड क्रोम करून घ्या नाही तर बदला. नळी वाकडी आहे का हेही लेथवाल्याकडे फिरवून बघा.

नळी चांगली असेल तर बऱ्याच वेळा नुसती माती अडकलेली असते, आपली काळी माती वाळली की बारीक पावडर होते. डस्ट सील वर करा, जुन्या एक्स-रे फिल्मची बोटभर पट्टी कापा, टोकाला छोटा आकडा करा, सीलच्या ओठाखाली घालून गोल फिरवा, घाण बाहेर येते. माझी दोन सीलं अशीच वाचली.

आणि एकदा खाली एक्सलजवळ बघा. बॉटमच्या तळाला एक बोल्ट असतो त्याच्या तांब्याच्या वायसरमधून गळलं तरी लोक सील बदलत बसतात.

किती दिवसांनी बदलायचं?

गाडी कमी चालली तरी दोन वर्षांनी. पावसाळ्यात शेताच्या रस्त्याने जाणारी असेल तर दरवर्षी दिवाळीच्या आधी. खर्च फार नाही, कारण हलक्या गाडीच्या दोन्ही नळ्या मिळून अर्ध्या लिटरच्या आत भागतं.

जुनं तेल?

बांधावर, विहिरीजवळ, गटारात नाही. जुन्या कॅनमध्ये साठवा आणि वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

तेल बदललं, आता बरं झालं की वाईट हे कसं ठरवू?

एकच रस्ता ठरवा आणि दरवेळी तोच. माझा अमळनेरहून चोपड्याकडे, तापीचा पूल ओलांडून पुढे आणि परत. त्यात गुळगुळीत पट्टा आहे, खड्ड्यांचा आहे, दोन गतिरोधक आहेत. टायरची हवा दरवेळी सारखी. गतिरोधकावरून उतरल्यावर तोंड एकदा वर येऊन थांबलं तर तेल बरोबर. दोन-तीनदा नाचलं तर पातळ. लागोपाठच्या खड्ड्यांत मनगटाला झणझण्या आल्या आणि पुढून गाडी बुटकी होत गेल्यासारखी वाटली तर जाड. केबल टाय तिथेच ठेवा, घरी आल्यावर किती चाल वापरली ते दिसेल, शेवटचे एक-दोन सेंटीमीटर शिल्लक राहिले पाहिजेत.

भाऊ, परवा सारंगखेड्याच्या यात्रेला जायचंय गाडी घेऊन, आजच तेल बदलून घेऊ का?

सील कोरडं असेल आणि गाडी रोजच्यासारखी चालत असेल तर परत आल्यावर बदला, नवीन काम करून लगेच लांब जाऊ नये. गळत असेल तर आजच करा, पण ग्रेड बदलू नका, आत्ता जो आहे तोच, आणि उद्या वीस-पंचवीस किलोमीटर फिरून या. त्या पुढच्या मडगार्डवर आणि ब्रेकच्या ड्रमवर तेल उतरलंय का हात लावून बघा, ड्रमवर एक थेंब जरी दिसला तरी लायनिंग काढून तपासा. सिरिंज लागली तर माझ्याकडे आहे, संध्याकाळी सातनंतर घरी असतो.